उदककुंभ कोणाच्या दारी?

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. या तिथीला केलेले स्नान, जप, तर्पण आणि दान क्षय पावत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. वसंताचा बहर ओसरून ग्रीष्माचा दाह जाणवू लागतो नेमक्या त्याच वेळी हा सण येतो; म्हणून त्याचे दानही ऋतूला अनुरूप असे सांगितलेले आहे. पाण्याने भरलेला मातीचा घट, वाळ्याचा पंखा, छत्री, पादत्राणे, ताक आणि सातूचे पीठ. या यादीत सोने नाही, हे सराफांच्या जाहिराती वाचताना आपण बहुधा विसरतो. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'धर्मसिंधु' या ग्रंथातही या दिवसाचे मुख्य दान म्हणून उदककुंभच सांगितलेला आहे. ज्याला पाणपोई घालण्याचे सामर्थ्य आहे त्याने ती उन्हाळाभर चालवावी. ज्याला ते नाही त्याने निदान रोज एक घट भरून द्यावा, असा आपल्या निबंधकारांचा आशय आहे. म्हणजे शक्ती थोडी असेल तर दान थोडे चालेल. परंतु ते 'रोज' हवे, एवढी एक अट शास्त्राने सोडलेली नाही. ही अट वाचकांनी मनात ठेवावी, कारण लेखाच्या शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

गेली चाळीस वर्षे आम्ही त्र्यंबकक्षेत्री राहून कीर्तनसेवा करीत आहोत. दानाची आख्याने आम्ही शेकडो वेळा लावली असतील. कर्ण, बळी, शिबी, रंतिदेव, मंगळवेढ्याचे दामाजीपंत, ही आमच्या झोळीतली नेहमीची नावे. परंतु अलीकडे कीर्तन संपल्यावर श्रोते आम्हांला जो प्रश्न विचारतात तो या कोणत्याही आख्यानात सरळ सापडत नाही. "बुवा, आम्ही मोबाइलवरून दान करतो. बोट लावले की पैसे जातात. उठावे लागत नाही, कोठे जावे लागत नाही. हे दान लागू पडते का? आणि ज्याच्यासाठी दिले त्याला ते खरोखर पोहोचते का?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि आजच्या दिवशी त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

बोटाच्या टोकावरचे दान

प्रथम पूर्वपक्ष मांडू. संगणकाच्या जाळ्यावरून विनासायास दान करण्याची कल्पना आता पाव शतकाहून जुनी आहे. १९९९ साली अमेरिकेत एक असे स्थळ निघाले की तेथे जाऊन नुसते एक बटण दाबावे, आणि जाहिरातदारांनी त्याबद्दल भुकेल्यांच्या अन्नासाठी पैसे द्यावेत. २००७ साली 'फ्रीराइस' नावाचा खेळ सुरू झाला. शब्दाचा अर्थ बरोबर ओळखला की दहा दाणे तांदूळ दान होत. पुढे २००९ साली हा खेळ संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या स्वाधीन करण्यात आला. दहा दाणे ऐकून हसू येईल. परंतु आपल्या घरांत तांदळाची लाखोली वाहण्याची चाल आहे. दाणा दाणा मोजून लक्ष पुरे करणाऱ्या मातांना ठाऊक असते की एका लाखोलीचे तांदूळ साधारण दोन-अडीच किलो भरतात. लाखो माणसांनी दहा-दहा दाणे टाकले तर पोती भरतात, हे गणित खोटे नाही.

आपल्या देशात २०१६ साली यूपीआयची व्यवस्था आली आणि देवळाच्या दानपेटीशेजारी काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र लागले. भाजीवालीच्या टोपलीपासून गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत ते पोहोचले. यात वाईट काय? ज्याला भूक लागली आहे त्याला दात्याचे पाय दुखले की नाही याच्याशी काय कर्तव्य? घाम गाळून दिलेली भाकरी आणि बोट लावून दिलेली भाकरी, दोहोंचे पोट सारखेच भरते. २०१४ साली अमेरिकेत डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची एक लाट आली होती. शहाण्या लोकांनी तिला पोरखेळ म्हटले. परंतु स्नायू निकामी करणाऱ्या एका असाध्य व्याधीवर काम करणाऱ्या तेथील संस्थेला त्या खेळातून सुमारे ११ कोटी ५० लक्ष डॉलर मिळाले, आणि त्या पैशांच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून २०१६ साली त्या व्याधीशी संबंधित एका जनुकाचा शोध लागला. तेव्हा सोपे दान म्हणजे खोटे दान, असे म्हणणारा मनुष्य घाई करतो, हे आम्ही आरंभीच मान्य करतो.

हा पूर्वपक्ष बळकट आहे. आम्ही स्वतः त्याच पक्षाचे होतो. मग आमचे मत कोठे अडखळले, ते सांगण्यासाठी वाचकांना आम्ही आमच्या क्षेत्राच्या पश्चिमेस घेऊन जातो.

त्र्यंबकाच्या पश्चिमेस

ब्रह्मगिरीच्या परिसरातून दोन नद्या निघतात. गोदावरी पूर्वेस गेली. तिच्या तीरावर क्षेत्रे झाली, घाट झाले, कुंभमेळे झाले. दुसरी वैतरणा. ती पश्चिमेस वळली आणि डोंगर उतरून अरण्यात शिरली. तिच्या काठी मोठी क्षेत्रे झाली नाहीत. त्र्यंबकाहून तोरंगणचा घाट उतरला की मोखाडा लागते, आणि पुढे जव्हार. अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे. परंतु आमच्या पिढीतल्या कित्येक क्षेत्रस्थांनी ते आयुष्यात तोडलेले नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत त्या बाजूची माणसे आमच्याकडे येतात. आम्ही मात्र त्यांच्याकडे जात नाही.

जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. सुरतेच्या स्वारीवर जाताना १६६४ साली शिवछत्रपतींचा मुक्काम तेथे झाल्याचे सांगतात आणि शिरपामाळ ही जागा दाखवतात. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात राहिले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी अशा जमातींची ही भूमी. लोकवस्तीत दहांपैकी नऊ माणसे आदिवासी. नागली, वरई, उडीद, खुरासणी ही डोंगरउताराची पिके. धान्याला तेथे कणसरी म्हणतात आणि तिला माता मानतात. मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की देवतांचे लाकडी मुखवटे रात्रभर नाचवणारी ही माणसे भक्तीत आपल्याहून तसूभरही उणी नाहीत.

या भूमीवर पाऊस कोसळतो तो शंभर इंचांच्या वर. आणि तरीही चैत्र संपत आला की विहिरींचा तळ दिसू लागतो. कातळ पाणी धरत नाही. आलेले पाणी उतारावरून वैतरणेत आणि वैतरणेतून धरणांत जाते. मुंबईला पाणी पुरवणारा मोडकसागर १९५७ साली याच नदीवर झाला. मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले, ते मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे. मुंबईत सकाळी तोटी उघडली की जे पाणी देवपूजेच्या तांब्यात पडते, त्यातला एक भाग या डोंगरांतून वाहून आलेला असतो. आणि त्याच डोंगरांत वैशाखात बाया डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात व टँकरची वाट पाहतात.

पाण्याइतकाच अन्नाचा प्रश्न. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले, योजना आल्या. २०१६ साली मोखाड्यातील एका बालकाच्या मृत्यूने तोच प्रश्न पुन्हा वर आला. मधल्या चोवीस वर्षांत दानाचा ओघ काही आटला नव्हता. कपड्यांची गाठोडी येत होती, बिस्किटांचे पुडे येत होते, छायाचित्रे निघत होती. तेव्हा केवळ दानाने हे दुःख फिटत नाही, हे त्या भूमीने आपल्याला दोनदा सांगितले आहे.

आमची चूक

आता आमची स्वतःची गोष्ट. चार वर्षांपूर्वी चैत्राच्या नवरात्रात मुंबईच्या एका उपनगरात आमचे कीर्तन होते. आख्यान रंतिदेवाचे लावले होते. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर समोर आलेले अन्न याचकांना देऊन टाकणारा आणि शेवटी उरलेले पाणीही तहानलेल्याच्या ओंजळीत ओतणारा तो राजा. उत्तररंगात आम्ही मोखाड्याच्या तहानेचा दृष्टान्त दिला. श्रोत्यांचे डोळे ओले झाले. तेथील तरुण मंडळींनी लगेच खांबावर चौकटींचे चित्र लावले. आरतीचे तबक फिरून येईपर्यंत तीनशेहून अधिक जणांनी बोट लावले होते, आणि लाखावर रक्कम जमली होती. ती एका संस्थेकडे गेली. तिचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. पावसाळ्यापूर्वी आमच्या मोबाइलवर छायाचित्र आले. एका पाड्यावर पाच काळ्या टाक्या ओळीने उभ्या, प्रत्येक टाकीवर पांढऱ्या रंगात दात्यांची नावे, आणि पहिल्या टाकीवर आमचे नाव, 'यांच्या प्रेरणेने' म्हणून. आम्ही ते छायाचित्र पुढे कितीतरी जणांना दाखवले. खोटे कशाला बोलावे, आम्हांला ते पाहून बरे वाटले.

दोन वर्षांनी वैशाखातच जव्हारकडे जाण्याचा योग आला. वाटेवर म्हणून त्या पाड्यावर गेलो. पाड्यावर बहुतेक म्हातारी माणसे. तरुण कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली. ती मृगाच्या आधी परतणार. पोरेही त्यांच्याबरोबरच. टाक्या आम्ही पाहिल्या. एक फुटली होती. दोन पालथ्या पडल्या होत्या. उरलेल्या दोहोंत घरच्यांनी उंदरांपासून राखण्यासाठी नागली भरून ठेवली होती. पाणी कोणत्याच टाकीत नव्हते. कारण साधे होते. टँकर पाड्यापर्यंत चढतच नाही. रस्ता मैल-दीड मैल खाली संपतो. टँकर तेथल्या विहिरीत पाणी ओततो आणि जातो. विहिरीचे पाणी हंड्याने वर आणून टाकीत ओतायचे, ते कशासाठी?

आम्ही शरमलो. तेवढ्यात एक वृद्ध बाई दरीतून वर आली. डोक्यावर दोन हंडे. तिच्या बोलीत अहो-जाहो नाही. "बस बाबा, पाणी घे," म्हणाली, आणि हंड्यातून तांब्या भरून तिने आमच्या पुढे धरला. आम्ही नको म्हणालो. तिला ते आवडले नाही. दाराशी आलेला माणूस पाणी न घेता जातो कसा? आम्ही ते पाणी घेतले. आयुष्यात असंख्य तीर्थे प्राशन केली. परंतु त्या तांब्याचे ओझे अजून आमच्या हातावर आहे. ते पाणी गडूळ होते, हे तिने तांब्या तिरका धरून निवळ पाहत पाहत दिले तेव्हाच आम्हांला कळले.

जाताना तिला विचारले, "आजी, खरे काय हवे होते?" ती सहज म्हणाली, "खालच्या विहिरीचा गाळ काढायला हवा होता, कठडा पडलाय तो बांधायला हवा होता. विचारले असते तर सांगितले असते." विचारले असते तर! तीनशे बोटांपैकी एकानेही विचारले नव्हते, आणि ज्याने त्या बोटांना प्रवृत्त केले त्या कीर्तनकारानेही नाही.

मुंगसाचे आख्यान

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एक कथा आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध संपला. दानाची लयलूट झाली. तेवढ्यात बिळातून एक मुंगूस बाहेर आले. त्याचे डोके आणि अर्धे अंग सोन्याचे. ते मनुष्यवाणीने म्हणाले की हा यज्ञ कुरुक्षेत्रातील त्या ब्राह्मणाच्या पायलीभरही नसलेल्या सातूची बरोबरी करीत नाही. सारे चकित झाले. मुंगसाने हकीगत सांगितली. कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे वेचून राहणारा एक ब्राह्मण होता; स्वतः, पत्नी, पुत्र आणि स्नुषा. दुष्काळ पडला. कित्येक दिवसांनी मूठमूठ जव मिळाले, त्यांचे सातू केले, चार वाटे केले. घास उचलणार तोच अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीची भूक भागली नाही. मग पत्नीने दिला, मग पुत्राने, मग स्नुषेने. अतिथी म्हणजे साक्षात धर्म होता. जेथे ते सातू सांडले होते तेथे मुंगूस लोळले आणि अर्धे अंग सोन्याचे झाले. तेव्हापासून ते उरलेले अर्धे अंग सुवर्णाचे व्हावे म्हणून यज्ञामागून यज्ञ धुंडाळीत आहे.

अक्षय्य तृतीयेला आपण सातू दान देतो ते या कथेचे स्मरण ठेवून द्यावे, असे आम्हांला वाटते. कथेचा अर्थ 'गरिबाचे दान मोठे' एवढाच आम्ही पूर्वी सांगत असू. पाड्यावरून परतल्यावर तिच्यातली दुसरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्या चौघांनी अतिथीला समोर बसवले होते. पहिला वाटा दिल्यावर त्याची भूक भागली नाही हे त्यांना दिसले, म्हणून दुसरा वाटा पुढे आला. युधिष्ठिराच्या यज्ञात दान अपार होते. परंतु कोणाची भूक उरली हे पाहणारा डोळा त्या गर्दीत असणार कोठे? दिले, आणि भागले की नाही हे पाहिले. या 'पाहिले'मध्ये त्या सातूचे सोने आहे. बोटाच्या दानात नेमके हेच हरवते. तेथे घेणाराचा चेहरा दात्याला दिसत नाही. दिसते ते छायाचित्र, आणि छायाचित्र दात्याला जे पाहायचे असते तेच दाखवते.

कठोपनिषदातील नचिकेत्याच्या पित्याने यज्ञात ज्या गाई दिल्या त्यांनी शेवटचे पाणी पिऊन घेतले होते, शेवटचे गवत खाऊन झाले होते. देणाऱ्याचे गोठे मोकळे झाले, घेणाराच्या दारी भाकड ओझे आले. जव्हारकडे जाणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत आम्ही फाटक्या रेशमी साड्या आणि लग्नातले जरीचे कोट पाहिले आहेत. त्या गाई आणि हे कोट यांत अंतर किती?

देश, काल, पात्र

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार करायला सांगितले आहे. हा विचार जव्हार-मोखाड्याला लावून पाहू.

देश. पाण्याची टाकी कोणत्या पाड्यावर, रस्ता कोठवर जातो, विहीर कोणाची, हे कळल्यावाचून दिलेले दान देशाचा विचार न करता दिलेले होय.

काल. आपण दिवाळीला आणि संक्रांतीला उदार होतो, तेव्हा तेथे नुकतेच पीक घरात आलेले असते. कणगी रिकामी होते ती आषाढ-श्रावणात. शेतीची कष्टाची कामे आणि घरातले धान्य संपणे एकाच वेळी येते, त्यात पाऊस आणि आजार. मुलांची वजने उतरतात ती तेव्हा. आणि वैशाखात पाडा अर्धा रिकामा असताना मुलांसाठी पाठवलेला खाऊ पाड्यावर पोहोचतो, मुले मात्र वीटभट्टीवर असतात.

पात्र. भुकेले मूल कोणते हे छायाचित्रावरून ठरत नाही. अंगणवाडीची सेविका मुलाच्या दंडाला पट्टी लावते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून बारीक भरला तर ते तीव्र कुपोषित समजतात. त्याला बिस्किटाचा पुडा पुरत नाही. त्याला दिवसातून अनेक वेळा विशिष्ट आहार, औषध आणि प्रसंगी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी आईसह मुक्काम लागतो. मूल जन्मण्यापूर्वीच आईची उपासमार होऊ नये म्हणून २०१५ साली शासनाने आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. ते जेवण शिजवून समोर वाढणारे हात अंगणवाडीतल्या बायांचे. पट्टी लावणारा, शिजवणारा, नदी ओलांडून पाड्यावर जाणारा हा हात आहे म्हणून पैशाला अर्थ येतो. पैसा त्या हातापर्यंत पोहोचला तर बोटाचे दानही सार्थ. तो हातच नसेल तर सोन्याची रास ओतूनही व्यर्थ.

हा हात कसा असतो ते शेजारच्या डहाणू तालुक्याने दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच अंगणात आणि गुरांमागे कुरणात घेऊन गेल्या. तेथे 'अंगणवाडी' या कल्पनेने मूळ धरले. आज तो शब्द देशभर रूढ आहे. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली. त्या आधी विचारत आणि मग देत. त्याचप्रमाणे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बायफ'ने जव्हार भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. वाडीला फळ यायला काही वर्षे जातात. तोवर सोबत राहावे लागते. अशी सोबत एका बोटाने देता येत नाही.

नाव आणि लाज

तैत्तिरीय उपनिषदाने दात्याच्या ठिकाणी श्रद्धेबरोबर लज्जा असावी असे सांगितले आहे, आणि 'संविद्' म्हणजे जाणीवही. देताना लाजावे कशासाठी, असा प्रश्न आम्हांला विद्यार्थिदशेत पडे. त्या टाकीवर आमचे नाव पाहिले तेव्हा उत्तर मिळाले. आपल्याकडे गुप्तदानाचा महिमा सांगतात तो केवळ विनयाचा भाग नव्हे. २०१४ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या कार्याला चारचौघांत दिसेल असा नाममात्र पाठिंबा ज्यांनी दिला, ते पुढे खरे साहाय्य मागितल्यावर मागे राहिले. ज्यांनी तोच पाठिंबा एकान्तात दिला, ते पुढे अधिक देण्यास तयार झाले. चारचौघांत मिरवले की मनाला वाटते, आपले कर्तव्य झाले. पुण्याची पावती फाडली गेली. गुप्तपणे दिले तर मनात ते काम जागे राहते. आपल्या आजीने मुठीत झाकून दिलेल्या नाण्याचे शास्त्र ते हेच.

दान की ऋण?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जव्हार-मोखाड्याला आपण देतो त्याला दान म्हणावे काय? ज्या वैतरणेचे पाणी मुंबईकर पितो तिच्या काठची माणसे तहानलेली असतील, तर त्यांना पाणी पोहोचवणे हे दान नव्हे, ती ऋणफेड आहे. एकादशीला आपल्या घरी वरईचे तांदूळ शिजतात. ती वरई अशाच डोंगरउतारावर पावसात वाकून कोणीतरी लावलेली असते, आणि तिला मिळणारा भाव आपण कधी विचारलेला नसतो. आपला उपवास घडतो तो त्यांच्या कष्टावर. त्यांच्या वरई-नागलीला रास्त भाव देऊन ती विकत घेणे हे टाकीवर नाव घालण्यापेक्षा धर्माला अधिक जवळचे आहे.

वैतरणा हे नाव ऐकले की आपल्याला पुराणातली यमद्वारीची वैतरणी आठवते. ती तरून जाण्यासाठी गोदान सांगितले आहे. आम्हांला आता वाटते की ती नदी मरणानंतरच लागते असे नाही. तोरंगणचा घाट उतरला की ती लागते, आणि तेथे तरून जायला गाईच्या शेपटीपेक्षा दुसऱ्याच्या तहानेची विचारपूस अधिक उपयोगी पडते.

दानाची सांगता

आमच्या चुकीचे पुढे काय झाले, ते सांगून लेख पुरा करतो. आम्ही त्याच उपनगरात पुन्हा गेलो आणि त्याच सभागृहात टाक्यांची खरी हकीगत सांगितली. बोट लावलेल्या तीनशे जणांपैकी पुढच्या बैठकीला अकरा आले. त्यातले सात पाड्यावर आले. पाड्यातल्या माणसांबरोबर बसलो, ग्रामपंचायतीला विचारले. फाल्गुनात विहिरीचा गाळ काढला, पडलेला कठडा बांधला. श्रम बहुतांशी पाड्याचेच. मजुरी आणि सिमेंटचे पैसे या अकरांनी पाठवले, आणि ते मोबाइलवरूनच पाठवले. खर्च टाक्यांच्या निम्म्याहून कमी आला. विहीर पूर्वी चैत्राच्या मध्यास आटे. गेल्या वर्षी वैशाखाच्या मध्यापर्यंत पुरली. ज्येष्ठात पुन्हा तळ दिसला. म्हणजे काम संपलेले नाही. विहिरीवर कोणाचेही नाव नाही.

तेव्हा श्रोत्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. आपल्या दानविधीत तीन पायऱ्या आहेत. आधी संकल्प, मग प्रत्यक्ष दान, आणि शेवटी सांगतासिद्धीसाठी दक्षिणा. दक्षिणेवाचून दान अपुरे राहते असे शास्त्र मानते. मोबाइलवर बोट लावणे हा संकल्प आहे. तो अवश्य करावा. सोपा आहे म्हणून त्याला कमी लेखू नये. ज्याला पाड्यावर जाणे शक्य नाही, जो वृद्ध आहे, परदेशी आहे, त्याला देवाने हा मार्ग दिला आहे. परंतु तो पैसा तेथल्या हाताकडून खऱ्या गरजेवर खर्च होतो तेव्हा दान घडते, आणि ज्या दिवशी आपण वर्षाने का होईना परत विचारतो की 'पाणी आले का? कोणाची तहान उरली?' त्या दिवशी त्याची सांगता होते. ही विचारपूस म्हणजेच या नव्या दानाची दक्षिणा. तिला पैसा लागत नाही. थोडी लाज आणि थोडी आठवण लागते.

आणि ती आरंभीची अट. पाणपोई घालता येत नसेल तर रोज एक घट. आज सणाच्या दिवशी एकदाच मोठी रक्कम पाठवून मोकळे होण्याऐवजी थोडीशी रक्कम दर महिन्याला, एकाच पाड्यासाठी, एकाच अंगणवाडीसाठी, आषाढ-श्रावण न चुकवता पाठवावी. नाव कळवू नये. त्या पाड्याचे नाव मात्र देवघरात लिहून ठेवावे आणि रोज नैवेद्य दाखवताना वाचावे. ज्याचे नाव आपण रोज घेतो त्याला मनुष्य विसरत नाही.

आज आपल्या घरी मातीचा घट भरला जाईल, त्यावर वाळा ठेवला जाईल, पितरांचे स्मरण होईल. त्या वेळी दरीतून दोन हंडे घेऊन चढणाऱ्या त्या आजीचेही क्षणभर स्मरण करावे. तिच्या घरी टाकी नव्हती, मोबाइल नव्हता, दानाचा संकल्प तिला येत नव्हता. तरीही दारी आलेल्याला तिने आपल्या कष्टाच्या पाण्यातला तांब्या दिला आणि तो निवळ आहे की नाही ते पाहून दिला. ते सोनेरी मुंगूस उरलेले अंग घेऊन अजून हिंडत असेल, तर ते मोठ्या यज्ञमंडपात न जाता मोखाड्याच्या त्या पाड्यावर जावो, आणि आपल्याही घरी एखाद्या वैशाखात त्याला लोळण्याजोगे चार दाणे सापडोत, हीच त्र्यंबकराजाच्या चरणी प्रार्थना.